सात नंबरची निळी रिंग

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी चाकणच्या कारखान्यात दिपाली सुरवसेला मशीन बंद करून ऑफिसात बोलावलं. शिफ्ट सुटायला वीस मिनिटं होती.

त्याआधी त्याच ऑफिसात सना कारखान्याच्या प्रमुखांना एक गोष्ट वाचून दाखवत होती. सना भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मशीनची कंट्रोल पॅनेल डिझाइन करते. या कारखान्यातल्या जुन्या प्रेसना, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या मशीनना, खांद्याच्या उंचीवर दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे दोन्ही हात साच्याबाहेर राहतात. तिथं नवं पॅनेल बसवायचं होतं.

चित्र काढण्याआधी सना गोष्ट लिहिते. एक माणूस, त्याला काय हवंय, मध्ये काय येतं. पहिल्या खर्ड्यात तिनं सुभद्राबाई नावाची कामगार रचली होती. सुभद्राबाई येते, बटणं दाबते, सुखरूप घरी जाते. महिन्याभरापूर्वी कँटीनमध्ये तिनं तो खर्डा दिपालीला वाचून दाखवला.

दिपाली हसायला लागली. "मॅडम, ही बाई देवळातली हाय का? आठ तासांत अठराशे ठोके, अन् खांदा दुखत नाही?"

"मग ती काय करते?"

"ते तुमच्या गोष्टीत चालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दिपालीनं आपल्या मशीनवर दाखवलं. कुकरची जुनी निळी रिंग कापून तिचा तुकडा डाव्या बटणावर ताणून बसवलेला. बटण दाबलेलंच राहतं, डावा हात मोकळा. तोच हात मग पत्रा सरकवायला साच्याखाली जातो.

"हात गेला तर?" सनानं विचारलं.

"म्हणून तर सांगते. बटणं कमरेजवळ घ्या. खांदा भरून आला नाही तर कशाला बांधंल कोण? फक्त माझं नाव कुठं येऊ देऊ नका. सहा वर्षं कंत्राटावर काढली, पुढच्या महिन्यात पर्मनंटची यादी लागणार हाय."

"नाही येणार."

सनानं बटणं खाली घेतली. प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही सोडावी लागतील, अशी वायरिंग केली. गोष्टही नव्यानं लिहिली. सुभद्राबाईचं वय दहानं वाढवलं, गाव बदललं. 'बटणाला रबर लावते' हे वाक्य तिला मिळमिळीत वाटलं. ते खोडून तिनं लिहिलं, 'कुकरची जुनी निळी रिंग'. नेमकी वस्तू दिसली की ऐकणारा विश्वास ठेवतो, असं ती वर्कशॉपमधल्या नव्या मुलांना नेहमी सांगे.

मंगळवारी वाचताना त्या वाक्यावर कारखान्याचे प्रमुख दिग्विजय यांनी फोन खाली ठेवला.

"सोपानराव, निळी रिंग कुणाच्या मशीनवर आहे?"

सुपरवायझर सोपानराव खिडकीकडे बघत म्हणाले, "साहेब, गोष्ट हाय ती."

"रंग मी मनानंच घातलाय, सर," सना म्हणाली.

"मग सापडणार नाही. जा, बघून या."

सोपानराव चार मिनिटांत परतले. मूठ उघडून त्यांनी रिंगेचा तुकडा टेबलावर ठेवला. "सात नंबर. दिपाली."

"डिझाइन उत्तम आहे, मॅडम," दिग्विजय म्हणाले. "चाळीसही मशीनना हेच घेऊ. तुम्ही जरा बाहेर थांबा."

सना उठली नाही. "सर, तिनं सांगितलं म्हणून हे डिझाइन झालं. ते कुठंतरी लिहा."

"लिहूनच घेतोय."

दाराशी दोघी समोरासमोर आल्या. दिपालीनं टेबलावरची रिंग पाहिली, मग सनाकडे पाहिलं. "माझं वय तरी बरोबर लिहिलं का?" एवढंच विचारून ती आत गेली.

साडेतीनला शिफ्ट सुटली. बायकांची बस दहा मिनिटं थांबून गेली. सव्वाचारला सोपानराव दोन कोरे कागद घेऊन आत निघाले. "काय चाललंय, भाऊ?" सनानं विचारलं. "तिच्याकडनं लिहून घ्यायचंय," म्हणत त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं. पाच वाजता तिनं दिपालीला फोन लावला. तो बंद लागला.

सहा वाजून पाच मिनिटांनी सनाच्या मेलवर चाळीस पॅनेलची ऑर्डर आली. सात नंबरवर दुसऱ्या शिफ्टची बाई उभी होती. दिपालीचा डबा रॅकवर तसाच होता आणि ऑफिसचं दार अजून उघडलं नव्हतं.