लिंबानीला पाठीवर कोण घेणार

मंगळवारी इस्पितळात जायला निघताना फालेसीने पोर बांधायचं फडकं, मासोळ्यांच्या नक्षीचं चितेंजे, झटकलं, लिंबानीला पाठीशी बांधायला खाली वाकली, आणि ते चार वर्षांचं पोर अंगणातच भडाभडा ओकलं. एरवी तो सुईनंतर ओकायचा; आज सुई टोचायला अजून दोन तास होते.

तिने चितेंजे पेटीत टाकलं, दुसरं काढलं. शनिवारी बाजाराला जायला नुसती वाकली, तरी तेच.

"औषध लागू पडतंय," पुढच्या खेपेला इस्पितळात नर्सबाई म्हणाल्या. "जबड्याची गाठ केवढी बसलीय बघा. पण त्याचं अंग शिकलंय, बाई. आई वाकली की मागून सुई येते. पोट आता सुईसाठी थांबत नाही."

"मग हे विसरायला कसं शिकवू?"

"विसरायला वेळ लागतो. अजून तीन सुया आहेत. तोवर दुसऱ्या कुणाला तरी आणू द्या त्याला. तुम्ही दिसूच नका."

दुसरं कोण? थोरली बहीण एस्नार्ती. तिला मूलबाळ नाही. ती मंदासी घेऊन आली, की त्या गोड भज्यांसाठी लिंबानी "मोठ्याई, मोठ्याई" करत धावायचा.

"ताई, तुझाही राग धरेल गं तो."

"धरू दे! माझी पाठ रिकामीच, तिला काय धाड भरलीय? तू तुझी जप." एस्नार्ती हसली, पण चितेंजेची गाठ मारताना तिची बोटं दोनदा चुकली.

फालेसीला घरी राहवलं नाही. लांबून मागे गेली, इस्पितळाच्या खिडकीपासच्या आंब्याखाली बसली. आतून हाक आली, "आई! आई गं!" ती उठली. आणि परत बसली. मातीत दोन्ही हात रोवून बसली.

मावशीच्या पाठीवरून जाऊन तीन सुया झाल्या. गाठ पार गेली.

त्यानंतरच्या रविवारी एस्नार्ती मंदासी घेऊन आली. लिंबानी धावला नाही. पुडीचा वास येताच त्याला उमळून आलं. एस्नार्तीने पुडी मागे लपवली. "असू दे रे राजा, असू दे."

फालेसी घाईने खाली वाकली. नवं, बिननक्षीचं चितेंजे हातात. "ये बाळा. कुठं जायचं नाही. नुसतं ये."

त्याने आईची पाठ पाहिली, मावशीची पाहिली. मग दोघींच्या मधे, मातीत, एकटाच बसला.

फालेसी तशीच वाकून राहिली.