अक्कलदाढ आणि चार साक्षीदार

दातांच्या डॉक्टरांचा देवावर विश्वास नव्हता, आणि बायको मात्र थेट पाद्रीबुवांची धाकटी बहीण होती. लग्न चर्चमध्येच झालं. डॉक्टर तिथे पासपोर्टच्या फोटोला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले आणि जेवणाच्या टेबलावर नव्या मेव्हण्याला पहिलाच प्रश्न टाकला, "दादा, बायबलात ती कबर रिकामी सापडली तेव्हा तिथे देवदूत नक्की किती होते? एक जण लिहितो एक, दुसरा लिहितो दोन."

पाद्रीबुवांनी घास गालात ढकलून उत्तर दिलं. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी दोघांची जुंपायची. डॉक्टरांची बायको भांडी आवरून, झोप काढून उठायची, तरी हे आपले पहिल्या शतकातच असायचे.

शेवटी डॉक्टर ज्याचे सभासद होते त्या संशयवादी मंडळाच्या अध्यक्षांनी ही जुगलबंदी चव्हाट्यावर आणायची ठरवली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त गणित मास्तर. सिद्ध करून दाखवल्याशिवाय स्वतःचा वाढदिवसही मान्य न करणारे. वाचनालयाचं वरचं सभागृह घेतलं, 'बायबल विश्वसनीय आहे का?' अशी पत्रकं लागली, आणि डॉक्टर आठवडाभर आरशासमोर हातवारे करू लागले.

चर्चेच्या दिवशी दुपारी दवाखान्याचं दार उघडलं आणि पाद्रीबुवा गाल धरून आत आले. गाल कसला, फुगाच.

"अक्कलदाढ," ते कसंबसं म्हणाले.

डॉक्टरांनी दिवा ओढून आत पाहिलं. दाढेच्या बुडाशी पू झालेला. "ही आत्ताच काढायला हवी. आणि भूल दिली की संध्याकाळी तुमची जीभ तुमचं ऐकणार नाही."

पाद्रीबुवांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या हातातल्या चिमट्याकडे. "दाजी, तुमच्या हातात हत्यार, माझं तोंड उघडं, आणि संध्याकाळी आपली सभा. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, वादाआधीच पाद्रीबुवांची अक्कल काढून घेतली."

हसण्याच्या नादात पाद्रीबुवा कळवळले. मग गंभीर होऊन म्हणाले, "सभा पुढे ढकलू नका. माझी मंडळी लांबून यायला निघालीत. फक्त एक शब्द द्या, पाद्री पळाला असं कुणाला म्हणू देणार नाही."

"दिला," म्हणत डॉक्टरांनी सुई टोचली. दाढ मोठी हट्टी निघाली. डॉक्टर घामाघूम झाले.

संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. डाव्या बाजूला मंडळाचे सभासद हाताची घडी घालून, उजव्या बाजूला चर्चची मंडळी, पुढच्या बाकावर गायनवृंदातल्या आजीबाई. पाद्रीबुवा दातांत कापसाचा बोळा दाबून, रुमालाने गाल बांधून व्यासपीठावर येऊन बसले. एक बाजू सुजलेली, वर बधिरही.

अध्यक्षांनी माइक हातात घेतला. "समोरच्या बाजूचे वक्ते बोलू शकत नाहीत. म्हणजे त्यांच्याकडे मुद्दा नाही. म्हणजे आपली बाजू सिद्ध!"

उजवीकडचे बाक उठून उभे राहिले. पाद्रीबुवा "ह्यॅ! ह्यॅ!" करत टेबलावर थापा मारू लागले. डॉक्टरांना दिलेला शब्द आठवला. विचार करायच्या आतच ते माइकपाशी पोचले होते.

"पाद्रीबुवांची बाजू मी मांडतो," ते म्हणाले. "मग माझी मांडतो."

अध्यक्षांचा चष्मा नाकावरून घसरला. पण डॉक्टर बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हे सगळं तोंडपाठ आहे. इतक्या रविवारांत पाद्रीबुवांनी जे जे सांगितलं ते मनात नीट लावून ठेवल्यासारखं बाहेर यायला लागलं.

"बायबलात ही हकिकत चौघांनी लिहिली. ती शब्दाला शब्द जुळली असती, तर आपणच म्हटलं असतं की बसून ठरवलंय. ग्रंथाच्या हाताने नकला करताना चुका होतातच. पण नकला हजारोंनी असल्या की एक दुसरीशी ताडून चूक पकडता येते. आणि खोटंच रचायचं असतं, तर स्वतःचेच पुढारी ऐन वेळी भेदरून पळाले, हे कुणी लिहून ठेवलं असतं का?"

आजीबाईंनी टाळी वाजवली. मागून पाद्रीबुवांनी चार बोटं वर केली.

"बरोबर, चार साक्षीदार!" डॉक्टर म्हणाले आणि चारही जणांवर सविस्तर बोलले. पाद्रीबुवा मान हलवत चार बोटं नाचवतच राहिले. शेवटी डॉक्टरांच्या बायकोने खालून हाक मारली, "अहो, दादा विचारतोय, बोळा चार वाजता काढायचा होता का!"

सभागृह हसून लोटपोट झालं. बोळा निघाला.

मग डॉक्टर स्वतःच्या बाजूकडे वळले. "पण मूळ प्रत कुणीच पाहिलेली नाही," त्यांनी सुरुवात केली. "आणि लिहिणारे घटनेनंतर कितीतरी वर्षांनी लिहितात. शिवाय एकाने दुसऱ्याचं समोर ठेवून लिहिलं असेल, तर साक्षीदार चार कसे?" मुद्दे चांगलेच होते. पण पाच मिनिटांपूर्वी स्वतःच बांधलेली भिंत स्वतःलाच पाडता येईना. दोनदा तर ते "याला उत्तर असं" म्हणून पाद्रीबुवांच्या बाजूने उत्तर देऊन मोकळे झाले.

"तुम्ही नक्की कोणाकडून?" अध्यक्ष ओरडले.

"आज दोघांकडून," डॉक्टर घाम पुसत म्हणाले.

शेवटी मतं मागितली. आजीबाई उठून म्हणाल्या, "मला डॉक्टर पटले."

"कोणते?" अध्यक्षांनी विचारलं.

"पहिले. दुसरे जरा गडबडले."

अध्यक्षांनी निकाल जाहीरच केला नाही. आकडेमोड जमत नाही, म्हणाले.

घरी आल्यावर बायकोने भावापुढे गार दूध ठेवलं. भूल उतरत होती. पाद्रीबुवांनी एक घोट घेतला. मग जड जिभेने म्हणाले, "दाजी, मला वाटायचं, मी बोलत असताना तुम्ही फक्त पुढचा प्रश्न शोधता."

डॉक्टर ओशाळले. "तोही शोधायचो."

"नकला ताडून पाहण्याचं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. म्हणजे पटलं?"

"छे! मुद्दा चांगला असणं वेगळं, खरा असणं वेगळं."

"मग तुमची बाजू तरी धड मांडायची होतीत. मी मांडू?" पाद्रीबुवा सरसावून बसले आणि बोबड्या बोलीत मूळ प्रतीचा मुद्दा असा काही रंगवू लागले की डॉक्टर थक्क झाले. कालगणनेतला एक घोळ तर डॉक्टरांनाही माहीत नव्हता.

"दादा, हे मला कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही विचारलं नाहीत."

 मेव्हण्याने स्वतःच्याच श्रद्धेविरुद्ध असं बोलू नये, असं डॉक्टरांना मनापासून वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "थांबा, थांबा. त्या घोळालाही काहीतरी उत्तर असणारच."

बायकोने दोघांकडे पाहिलं, रिकामा पेला उचलला आणि शेजारच्या खोलीत जाऊन आडवी झाली.