दोन व्हॉल्व्हना दोन रेझिस्टर

न्हावऱ्याच्या चांगदेवआबांनी एके काळी चार गावच्या जत्रांचे लाउडस्पीकर बोलते केले. मग डीजेवाले आले आणि आबांना कुणी हिंग लावून विचारेना. तेवढ्यात नात प्रांजलनं गिटारसाठी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा, अँप्लिफायर मागितला आणि म्हातारा असा कामाला लागला, की जेवायला हाक मारली तरी ओ देईना.

अँपमध्ये आवाजाला जोर देणारे मोठे व्हॉल्व्ह दोन. एक आबांनी कापसात गुंडाळून जपलेला जुना, दुसरा प्रांजलनं पुण्याहून आणलेला नवा. व्हॉल्व्हनं करंट किती खायचा याला आवर घालायला त्याच्या एका टोकाला, कॅथोडला, रेझिस्टर लागतो. आबांनी दोघांत मिळून एकच बसवला.

"आबा, दोघांना वेगवेगळे द्या ना," प्रांजल म्हणाली. पोरगी शिक्रापूरच्या कारखान्यात पॅनेल तपासायची, तिला यातलं कळत होतं. "जोडी जुळत नाही यांची. एक हावरटासारखा खाईल, दुसरा उपाशी राहील."

"तू मला शिकवती व्हय? जोडीला जू एकच आसतं! सारी हयात आसंच केलंय मी."

केलं होतं, खोटं कशाला बोला. पण तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह पारखून, जोडीनंच यायचे, हे आबा सोयीस्कर विसरले.

रविवारी दौंडला साखरपुड्यात प्रांजलच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. ऑर्केस्ट्राच्या मालकानं, बिरदेवनं, आधीच बजावलं होतं, "अँप धड चालला तर आणा, न्हाईतर मी भाड्याचा आणतो." भाड्याचा आला, तर आपल्या हाताला आता किंमत राहिली नाही हे चारचौघांत सिद्ध होणार, याची आबांना धास्ती.

शनिवारी सकाळी अँप चालू केला. पाच मिनिटं झकास. मग नव्या व्हॉल्व्हच्या पोटातला पत्रा लालबुंद झाला. आबा खूश!

"बघ, गडी कसा जोर लावतोय!"

"अहो, जळतोय तो!" प्रांजलनं प्लगच उपटला.

दारात मेथी निवडत बसलेल्या गिताबाईंनी, म्हणजे आबांच्या कारभारणीनं, मान वर केली. "जू एक आसतं हो, पर कासरं? बापाची जोडी हाकलीया मी. एक बैल तापट, एक गरीब. दोघांला मिळून एकच कासरा घातला आस्ता, तर गाडी वढ्यात गेली आस्ती."

आबांनी चष्मा पुसला. परत पुसला. मग गुपचूप सोल्डरिंग आयर्न तापवायला ठेवलं.

"किती ओहमचे घालू?" त्यांनी भिंतीकडं बघत विचारलं.

"एकशे तीसचा एक होता ना? तो काढा. प्रत्येकाला दोनशे सत्तरचा द्या," प्रांजल हसू दाबत म्हणाली.

रविवारी दौंडात कार्यालय गच्च भरलेलं. दोन गाणी दणक्यात झाली आणि तिसऱ्याला आवाज एकदम अर्ध्यावर येऊन खरखरला. प्रांजलचा चेहरा उतरला. आबा धावत स्टेजवर चढले आणि अँपमागं वाकले. आदल्या दिवशी भाजलेल्या नव्या व्हॉल्व्हनं मान टाकली होती. जुना मात्र आपल्या जागी शांत, पत्र्याला लाली नावालाही नाही. एकच रेझिस्टर ठेवला असता, तर मेलेल्याचा सगळा भार याच्यावर पडला असता आणि हाही गेला असता. आबा तिथूनच ओरडले.

"वाजव पोरी! ह्यो न्हाई मरायचा!"

तिनं वाजवलं. तो खरखरीत आवाज मुद्दामच काढलाय असं वाटून नवरीचे भाऊ शिट्ट्या मारत नाचायला उतरले. कार्यक्रम शेवटपर्यंत पार पडला.

बिरदेवनं आबांची पाठ थोपटली. "मामा, तुमचा हात म्हंजी हात! हे कुणाला जमायचं न्हाई."

दहा वर्षं आबांचे कान या वाक्यासाठी आसुसले होते.

"माझ्या हातानं तर ह्यो आज मधीच बसला आस्ता," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "ह्या पोरीनं बरूबर सांगितलं, मी हट्टाला पेटलो हुतो. उलट नवा व्हॉल्व्ह माझ्याच पायी जळला."

बिरदेव मोठ्यानं हसला. मग म्हणाला, "मग दोघं मिळून दुसरा बनवा. बास गिटारला पायजेल मला."

प्रांजलनं डोळे पुसले. आबांनी खिशातून पेन्सिल काढली, सुपारीच्या पुडीचा कागद मांडीवर पसरला आणि ते तिच्याकडं वळले.

"रेझिस्टर कसं लावायचं, आधी ते सांग बाई. मी लिहून घेतो."