उजवं बटण

दाजींचा उजवा हात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसमध्ये गेला. पुढे डॉक्टरांनी तो दंडापासून काढला. दाजी बरे होऊन घरी आले तोवर कारखान्यात असं ठरलं होतं, की हात गेलाच नाही.

ठरवलं मॅनेजर साहेबांनी.

"अपघात म्हटला की तपास आला, तपास आला की बटणातली पाचर आली," ते फिटरला समजावत म्हणाले, "आणि पाचर आली की तू आलास. मग तूही घरी, तुझे दाजीही घरी."

तेव्हा दाजी होते त्याच प्रेसवर, होते त्याच कामावर परत येणार होते. काही घडलंच नाही म्हटल्यावर बदली तरी कोणत्या तोंडाने करायची?

आता फिटर त्या प्रेसपुढे उकिडवा बसून क्लच तपासत होता. क्लच ठणठणीत होता, हे त्याला तपासण्याआधीच ठाऊक होतं. फिटर म्हणजे दाजींच्या बायकोचा, ताईचा, धाकटा भाऊ. दाजींना इथे चिकटवलं त्यानेच, आणि पाचर तासून दिली तीही त्यानेच.

प्रेसचं गणित सरळ होतं. मोटर फ्लायव्हील फिरवते, त्या जड चाकात जोर साठत जातो, क्लच लागला की सगळा जोर एका ठोक्यात खाली येतो आणि डायमधल्या, म्हणजे साच्यातल्या, पत्र्याचं झाकण होतं. ठोका पडायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, डावं डाव्या हाताने, उजवं उजव्याने. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे एकही डायमध्ये नाही. ज्याने ही युक्ती काढली त्याचा माणसावर काडीचा भरवसा नसावा. पण त्याने रोजच्या झाकणांचा कोटा पाहिला नव्हता. उजव्या बटणात पाचर ठोकली, की ते दाबलेलंच राहतं आणि उजवा हात पत्रा सरकवायला मोकळा. पाचर हे यंत्रांमधलं सगळ्यात साधं यंत्र, असं फिटरला शिकाऊ असताना शिकवलं होतं. परीक्षेत त्याचे मार्कही मिळाले होते.

"काय मेहुणे, नाडी लागतेय का?"

दाजी मागे उभे होते. उजव्या बाहीला ताईने गाठ मारून दिली होती.

"आत कसे आलात?" फिटर उठला. "हजेरीला अंगठा लागतो ना उजवा?"

"यंत्र मागत होतं. रखवालदाराने बराच विचार केला आणि स्वतःचा लावला. माणूस चांगला आहे. बरं, पाचर मार."

फिटरने हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. सकाळी डबा भरताना ताई म्हणाली होती, "त्यांना घरी बसू देऊ नकोस रे. भिंतीकडे बघत बसतात." पाचरीबद्दल तिने एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मॅनेजर साहेब आले. त्यांनी दाजींच्या डाव्या बाजूला उभं राहण्याची काळजी घेतली.

"थांबलंय कशासाठी?"

"साहेब, दोन बटणं आहेत," फिटर म्हणाला.

"मग एकात पाचर मार. घाबरतोस काय? यांच्याइतका सुरक्षित माणूस आता कारखान्यात दुसरा नाही. एक हात एका वेळी एकाच ठिकाणी असतो. बटणावर असला की डायमध्ये नाही."

"आणि कोटा?"

"कोटा तोच. हात गेलाच नाही, तर कोटा कसा कमी करू?"

यात चूक कुठे आहे हे फिटरला सांगता येईना. साहेब पुढच्या रांगेकडे गेले.

"तू कोट्याची काळजी करू नकोस," दाजी हळू आवाजात म्हणाले. "तोड काढलीय मी. मोटर बंद कर, दाखवतो."

फिटरने मोटर बंद केली. दाजींनी सदरा वर केला. कमरेच्या पट्ट्यात लाकडाची एक खुंटी घट्ट बसवलेली होती, समोर रोखलेली.

"घरीच केली. हात मोकळा राहतो बघ. पत्रा सरकवायचा, पुढे वाकायचं, खुंटी डावं बटण दाबते. उजव्यात तुझी पाचर. झाला ठोका."

आणि ते वाकले. खुंटी बटणावर नेमकी बसली. पुढे वाकल्यामुळे डावा हात आपोआप डायच्या मधोमध गेला आणि तिथेच टेकला, पंजा पसरून. दाजी त्या हाताकडे पाहत नव्हते. ते फिटरकडे पाहत होते, शाबासकीसाठी.

वर फ्लायव्हील अजून फिरत होतं. मोटर बंद झाली तरी ते चाक लगेच थांबत नाही, एका ठोक्यापुरता जोर त्यात उरतोच. उजवं बटण मोकळं होतं, म्हणून काही झालं नाही.

"हात काढा, दाजी."

"अरे, चालतं की नाही?"

"चालतं. आधी हात काढा."

दाजींनी हात काढला. फिटरने त्यांच्या पट्ट्यातून खुंटी उपसली आणि आपल्या खिशातल्या पाचरीसोबत भंगाराच्या पिंपात टाकली. मग मोटर सुरू केली, दाजींच्या उजव्या अंगाला खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि आपला उजवा हात उजव्या बटणावर ठेवला.

"पत्रा ठेवा. आता डावं दाबा."

ठोका पडला. झाकण निघालं. दुसरं निघालं. थोड्या वेळाने दोघांचे खांदे एकदमच पुढे झुकू लागले.

साहेब परत आले ते धावतच.

"हे काय? एका प्रेसवर दोन माणसं?"

"एकच आहे, साहेब," फिटर समोर बघत म्हणाला. "दाजींचा उजवा हात गेलेला नाही. हा तो."

साहेबांनी बटणावरच्या हाताकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर हात गेल्याचं कबूल करावं लागलं असतं.

"आणि फिटरचं काम कोण करणार?" शेवटी ते म्हणाले.

पलीकडच्या रांगेत एक मशीन बंद पडलं होतं आणि कुणीतरी "फिटर, ए फिटर" करून केव्हाचं ओरडत होतं. त्याचा हात बटणावरून हलला नाही. पण पाय हलले, ते दाजींनी पाहिलं.

दाजींनी बाहीची गाठ हनुवटीने नीट केली आणि सरळ उभे राहिले.

"साहेब, तोंडी अर्ज आहे," ते म्हणाले. "माझा उजवा हात सध्या फिटर या पदावर नेमलेला असून, त्यामुळे प्रेसच्या कामात खोळंबा होत आहे. तरी त्यास सदर पदावरून मुक्त करून माझ्या उजव्या खांद्याखाली कायमस्वरूपी रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती."