सगळ्या क्रेटांत सारखेच फुगे

"हे आकडे तुम्ही घरी बसून लिहिलेत," सावे सर म्हणाले आणि त्यांनी आमचे कागद टेबलावरून माझ्याकडे ढकलले.

मी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि सावे सर आमच्या प्रोजेक्टचे गाईड. माझा पार्टनर नितीन शेजारीच उभा होता, पण संकटाच्या वेळी त्याला नेहमी खिडकीबाहेर काहीतरी दिसतं. बोलायचं मलाच होतं.

"सर, रोज संध्याकाळी मी स्वतः काट्यावर वजन घेतलंय."

"दहा बायका, आणि दहाही जणींचं काम रोज जवळपास सारखं? अगं, एकाच आईची दोन पोरं सारखी जेवत नाहीत. बाहेरचे परीक्षक पुढच्या आठवड्यात येतायत. खरे आकडे आण, नाहीतर मी सही करणार नाही."

सही नाही म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं म्हणजे वापीच्या कंपनीतली नोकरीही गेली. तलासरीच्या आमच्या पाड्यातून इंजिनिअरिंगपर्यंत पोचलेली मी पहिलीच. नापास झाले असते तर पाड्याला वर्षभर बोलायला विषय मिळाला असता. डोक्यात तिडीक गेली ती सरांच्या बोलण्याने नाही. आकडे खरे होते, म्हणून गेली. खोटे लिहायचे असते तर मी यापेक्षा चांगले लिहिले असते.

प्रोजेक्ट होता मसोलीच्या एका फुग्यांच्या कारखान्यात. तिथे तयार फुग्यांचा ढीग ताडपत्रीवर ओततात. दहा बायका भोवती बसून एकेक फुगा ताणून बघतात, भोकाचा टाकतात, चांगला क्रेटमध्ये ठेवतात. हाताला सगळीकडे पांढरी पावडर, नाकात रबराचा वास, आणि तोंड अखंड चालू. या बायका आमच्याच बाजूच्या, पूर्वेच्या डोंगरपाड्यांतल्या. रोज एका टमटममध्ये कोंबून येतात.

आम्ही ठरवलं, ही ताडपत्री घालवायची. प्रत्येकीला वेगळं टेबल, बसायला स्टूल, डाव्या हाताला माल, उजव्या हाताला नंबर घातलेला क्रेट. कुणाचं काम किती, कुठे अडतं, सगळं कळणार. टेबलं अच्छाडच्या एका वेल्डरकडून करून घेतली. तो जन्मभर ट्रकच्या बॉड्या बनवत आलेला, त्यामुळे त्याने फुगे ठेवायला अशी टेबलं बनवली की त्यांवर रेतीची गाडी रिकामी केली असती तरी हलली नसती. चार माणसं लागली ती आत न्यायला.

बायकांनी पहिल्या दिवशी टेबलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसून हसून पदर तोंडात कोंबला.

"मॅडमबाय, आमाला काय शाळेत बसवतंस का गं?" जिवली म्हणाली. ही जिवली त्यांच्यातली सगळ्यात चपळ आणि सगळ्यात तोंडाळ. माझ्या आईबरोबर ती लोकांच्या शेतावर आवणीला जायची, भाताची रोपं लावायला, म्हणून मला 'मॅडम' म्हणताना ती दर वेळी मागे 'बाय' जोडायची आणि डोळे मिचकवायची.

तरी बसल्या बिचाऱ्या. माल वाटायचा वेळ वाचला, उठबस वाचली, दिवसाचं एकूण काम चांगलंच वाढलं. मी खूश होते. फक्त ते दहा क्रेट. रोज संध्याकाळी पाहावं तर एका माळेचे मणी.

सरांनी कागद ढकलले त्या दिवशी मी तडक कारखान्यात गेले आणि पॅकिंगच्या खोक्यांमागे उभी राहून नुसती बघत राहिले. दुपारपर्यंत काही नाही. जिवलीचा क्रेट भरभर भरत होता. शेवटच्या टेबलावरच्या बुधीचा तळही झाकला नव्हता. बुधी म्हातारी होती आणि तिच्या एका डोळ्यात पडदा आलेला. ती प्रत्येक फुगा उजेडाकडे धरून, मान वाकडी करून बघायची.

मग जिवली पाणी प्यायला उठली. जाताना आपल्या क्रेटमधले दोन ओंजळी फुगे तिने बुधीच्या क्रेटमध्ये टाकले. थांबली नाही, बघितलं नाही. थोड्या वेळाने लाडकी चुना मागायला उठली, तिनेही तेच केलं. संध्याकाळपर्यंत दहाच्या दहा जणी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने उठल्या, आणि जिथे कमी होतं तिथे पडत गेलं.

मी खोक्यांमागून बाहेर आले ती ओरडतच.

"हे काय चाललंय? मी काय मोजतेय मग इतके दिवस? माझं डोकं?"

बाकीच्यांनी माना खाली घालून फुगे ताणायला घेतले. जिवली मात्र माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोललेय.

"अगं, आवणीला काय करतंव आपून? एकीची रांग मागं राहिली तर तिला चिखलात सोडून घरी जातंव का? पुढची मागं फिरते, तिची रांग पुरी करते, मंग सगळ्या बांधावर चढतात. तू पन केलंस की. तुझी आय तुझी रांग पुरी करायची."

"ती शेती आहे जिवलीमावशी! हा प्रोजेक्ट आहे!"

"हां, मंग?"

बुधी स्टुलावरून हळूच म्हणाली, "पोरी, शेठला नको सांगू हां. डोल्याचा त्याला म्हाईत नाय."

शेवटी मी हात जोडले. सरांचं सांगितलं, सहीचं सांगितलं, वापीचं सांगितलं. फक्त एक दिवस, एकच दिवस, जिचं तिच्या क्रेटमध्ये राहू दे, शेठला ते आकडे मी दाखवणार नाही. बायकांनी माना हलवल्या. जिवलीने तर माझ्या गालावर पावडरचा हात फिरवला आणि म्हणाली, "तुला नापास होऊ द्येव का आमी?"

दुसऱ्या दिवशी मला कॉलेजात काम होतं. संध्याकाळी पोचले तेव्हा दहाही क्रेट एका ओळीत मांडून ठेवलेले, आणि बायका लग्नाच्या मांडवात उभ्या असाव्यात तशा खुशीत.

"वजन कर," लाडकी म्हणाली.

मी वजन केलं. पहिला क्रेट. दुसरा. तिसऱ्याला मी काटा पुन्हा शून्यावर आणून बघितला. दहाही क्रेटचं वजन तंतोतंत सारखं होतं. आधी निदान थोडाफार फरक असायचा, आता तोही गेला होता.

"तुझा सर ओरडला ना, आकडे बराबर नाय म्हणून?" जिवली म्हणाली. "मंग आमी काट्यावर बसून बराबर केलं. येक फुगा इकडं नाय का तिकडं नाय. आता काय बोलंल तो?"

मी कपाळाला हात लावून एका ट्रकछाप टेबलावर बसले. रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही आवरल्यावर उरला तो नुसता संताप. कुणावर काढायचा? आपलेच दात, आपलेच ओठ.

नितीनचं म्हणणं सरळ होतं. "खरं काय ते रिपोर्टात लिही. एक परिच्छेद. बायका माल वाटून घेतात, एकीला दिसत नाही. सर खूश, परीक्षक खूश."

"आणि शेठ?"

कारखान्याचे गुजराती मालक सुनिलशेठ प्रेझेंटेशनला येणार होते. रिपोर्टची एक प्रत त्यांना द्यायची होती. मुळात त्यांनी आम्हाला आत घेतलं तेच एका प्रश्नासाठी. पहिल्याच दिवशी चहा पाजताना ते म्हणाले होते, "जो बेटा, बधा टेबलं-बिबलं ठीक छे. मला एवढंच सांग, यांच्यात ढिली कोण आहे?"

"मग शेठचं ते बघून घेतील," नितीन म्हणाला. "आपण डिग्री घ्यायला आलोय, समाजसेवा करायला नाही."

त्याचं चूक होतं असंही नाही. त्याच्या घरी डहाणूला चिकूची वाडी आहे. बुधीच्या घरी काय आहे ते मला माहीत होतं, कारण त्या घरात मी पाणी प्यायले होते. त्या रात्री मी नितीनशी इतकी भांडले की त्याने शेवटी हात वर केले. "डेटाचं तू बघ, बाकीचं मी लिहितो," म्हणाला. प्रस्तावना, फायदे, निष्कर्ष, सगळं त्याने मागच्या वर्षीच्या मुलांच्या रिपोर्टच्या साच्यात बसवून टाकलं. मी त्यातलं एकही पान उलटून बघितलं नाही. माझं सगळं लक्ष त्या दहा क्रेटवर होतं.

सावे सर म्हणाले होते, परीक्षकांना पटलं तरच सही. प्रेझेंटेशनच्या दिवशी परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "हे सारखे कसे?"

सुनिलशेठ खुर्चीत पुढे सरकले. सावे सर छताकडे बघत होते.

"सर, चूक माझ्या मोजमापात आहे," मी म्हणाले. "या बायका एकमेकींना मागे टाकून पुढे जात नाहीत. त्यांची काम करायची पद्धतच ती आहे, शेतातून आलेली. त्यामुळे एकीचा वेग वेगळा मोजता येणार नाही. दहा टेबलं मिळून एक जागा धरायची आणि तिचा वेग मोजायचा. तो वाढलाय."

खोटं नव्हतं. बुधीचं नावही नव्हतं. परीक्षकांनी भुवया उंचावल्या आणि "इंटरेस्टिंग" असं पुटपुटत पुढचं पान उलटलं. मार्क बेताचे मिळाले, पण मिळाले. सावे सरांनी सही केली. मला वाटलं, सापही मेला आणि काठीही मोडली नाही.

बाहेर व्हरांड्यात सुनिलशेठनी माझा हात हातात घेतला. "बहु सरस काम केलं तुम्ही. म्हणजे बध्या, सगळ्या सारख्याच. मला उगाच वाटायचं एखादी ढिली असेल. चला, निवड करायची कटकट गेली."

"कसली निवड?"

"तुमच्याच रिपोर्टात आहे ना. शेवटच्या पानावर." त्यांनी प्रत उघडून दाखवली. निष्कर्ष क्रमांक चार, नितीनने साच्यातून उचललेला, आमचे आकडे भरून: नवीन मांडणीमुळे हेच काम आठ कामगारांत होऊ शकते. "दोन कमी करू. सारख्याच आहेत तर कोणत्याही दोन. त्यांचं त्यांनाच ठरवू दे, मला वाईटपणा नको."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला बोलायचं होतं. पण प्रोजेक्ट पूर्ण झाल्याचं, कॉलेजला लागणारं पत्र अजून शेठच्या खिशात होतं, सावे सर शेजारी उभे होते, आणि माझ्या तोंडून निघालं ते "थँक यू, सर."

आठवड्याने मी मसोलीला गेले. कारखान्याच्या फाटकाशी टमटमची वाट बघत बायका बसल्या होत्या. मी मोजलं, आठच होत्या. जिवली होती, बुधी होती. लाडकी नव्हती.

"लाडकीला काढलं?" मी विचारलं.

"काढलं कोनाला नाय," जिवली म्हणाली. "पाळी लावली. रोज दोघी घरी ऱ्हातात. आज लाडकी, उद्या मी. शेठला आठ डोकी पायजेत, आठ भेटतात."

म्हणजे दहाही जणींची मजुरी कापली गेली होती, एकीची जास्त नाही, एकीची कमी नाही. माझ्या प्रोजेक्टचा हा खरा निकाल, आणि तो कुठल्याच पानावर नव्हता. मला इतका राग आला की मी त्या बसलेल्या बायकांवरच तुटून पडले.

"आणि तुम्ही ऐकून घेतलं? एक शब्द बोलला नाहीत? दहा जणी मिळून उभ्या राहिल्या असतात तर काय बिशाद होती त्याची! भांडायचं नाही का?"

कुणी रागावलं नाही. बुधी माझ्याकडे मान वाकडी करून बघत होती. जिवली पदराने हातावरची पावडर पुसत म्हणाली,

"तू होतीस ना तितं, कालेजात? शेठ बोलला तवा?"

"होते."

"मंग तू भांडलीस?"

टमटम आली. त्या उठल्या, नेहमीसारख्या एकमेकींना ढकलत आत चढल्या, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून सरकून बसल्या.