पोट भरेपर्यंत

डोईफोडियात मोतीलाल पाटलांच्या नातीचं वजन साऱ्या गावाला तोंडपाठ होतं. पोरगी हसरी, डोळे टपोरे, पण अंग काही धरेना. अंगणवाडीत वजनाला ठेवलं की काटा जरासा हलायचा आणि तिथेच रुसून बसायचा. अंगावरच पाजत राहा, पंधरा दिवसांनी पुन्हा आणा, असं नर्सबाई सांगून गेल्या. सासूने, गोदाबाईंनी, निकाल मात्र आधीच देऊन टाकला होता: सुनेचं दूध पातळ. या खेपेला वजन वाढलं नाही, तर मुलगा जीवन खकनारहून पावडरचा डबा आणणार, हे ठरूनच गेलं.

सुनेच्या, सायलीच्या, ते जिव्हारी लागलं. शहरात, इतवाऱ्यात वाढलेली, शिकलेली मुलगी ती. पण तिने निमूटपणे अळिवाची खीर खाल्ली, शेपू खाल्ला, आणि मेथीचे लाडू तर इतके की जीवनला तिच्या उशीलाही मेथीचा वास येऊ लागला. पोरगी पिता पिता झोपायची आणि लगेच रडत उठायची. आपल्या दुधातच खोट असेल, असं सायलीलाही वाटायला लागलं होतं.

मग एका दुपारी सगळं घर लग्नाला गेलं. मायलेकी दोघीच उरल्या. सायली माजघरात पंख्याखाली पाजायला बसली, तर पोरगी थांबेचना. एक बाजू रिकामी केली, दुसरी धरली, आणि आपणहून तोंड सोडून अशी गाढ झोपली की ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळत राहिलं. सायलीने ते बोटाने टिपलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

सासरे समोर आले की सुनेने उठायचं, पदर ओढायचा, भिंतीकडे तोंड करायचं, अशी त्या घराची रीत. आणि माजघर म्हणजे घराचा हमरस्ता. सासरे पाण्याला यायचे, दीर चार्जर शोधायला, केळी भरणारी माणसं मागच्या अंगणात जायला. दर वेळी पोरगी भरल्या ताटावरून उठवली जायची. मागच्या खोलीत बसावं तर पत्र्याखाली भट्टी. दूध कसलं पातळ, या लोकांनी लेकराला एकदाही धड जेवू दिलं नव्हतं. सायलीला आधी रडू आलं आणि मग चांगलाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मोतीलाल नेहमीसारखे आत शिरले. सायलीने पदर ओढून घेतला, पण जागची हलली नाही.

“बाबा, मी आता उठणार नाही. पोरगी पिऊन राहिली. तिचं पोट भरू द्या.”

गोदाबाईंचे हात पिठातच थांबले. आम्ही चार लेकरं उठत-बसतच वाढवली, शहरातल्या पोरींना काही लाजच नाही, असं त्यांनी सुरू केलं. मोतीलाल रागीट माणूस, सगळं गाव त्यांना वचकून. पदराआडून घुटुक घुटुक आवाज येत होता. पाणी न पिताच ते माघारी फिरले. थोड्या वेळाने दीर दारात आला, तर ओट्यावरून मोतीलालांचं दरडावणं ऐकू आलं.

“मांगून जा. नात जेवून राहिली.”

त्या दिवसापासून ओट्यावर पहारा बसला. खुद्द सरपंचांनाही म्हशीचं शेण चुकवत मागच्या दाराने यावं लागलं. गोदाबाई फुगून बसल्या होत्या, पण नातीच्या मांड्यांना वळ्या पडायला लागल्या तशी त्यांची कुरकुर कमी होत गेली.

वजनाच्या दिवशी सायली पोरीला घेऊन अंगणवाडीत गेली. सासू सोबत होतीच. काटा सरकला, आणि सरकतच गेला. नर्सबाईंनी पोरीला उचलून पुन्हा ठेवलं, तरी तो तिथेच. छान वाढलं म्हणाल्या, आणि पावडर सुरू केली का, असं विचारलं. सायली तोंड उघडणार, तोच गोदाबाईंनी नातीला उचलून छातीशी धरलं आणि रांगेतल्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

“पावडर कायले? आमची सून कोनासाठी उठत नाही.”