लाल दिसलं की

घरावर दुःख आलंय हे दारातल्या चपलांच्या ढिगावरून कळतं. त्या घराच्या दारात असा ढीग रोज संध्याकाळी पडायचा. लेक सासरहून एका बॅगेनिशी परत आली होती, मनगटाला प्लास्टर बांधून. "जिन्यावरून पडले," एवढंच ती म्हणाली. आईनेही शेजारणींना तेच सांगितलं, फक्त डोळे पुसत, आवाज खाली आणत पुढे जोडलं, "कुणाला बोलू नका हं, पण जिना नव्हता तो. नवरा होता."

आई वाईट नव्हती हो! चार माणसांत बोललं की मन हलकं होतं, असं तिला खरंच वाटायचं. आणि व्हायचंही हलकं, तिचं. लेक मात्र स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून आपलीच गोष्ट ऐकायची, आणि ती गोष्ट दर संध्याकाळी थोडी वाढलेली असायची. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. घरात काहीतरी बिघडलंय हे त्यांना कळत होतं, पण ते उघडायचं कुठून हे कळेना. म्हणून ते दुकानच उशिरा बंद करू लागले.

मागच्या अंगणात आईच्या कोंबड्या होत्या. एका सकाळी कुंपणाखालून कुत्रा घुसला. लेकीने बादली फेकून मारली तेव्हा तो पळाला, पण ठिपकी नावाच्या कोंबडीची पाठ सोलून गेला. लेकीने तिला एका हाताने छातीशी धरून घरात आणलं.

"आत कशाला आणतेस?" आई म्हणाली. "आपल्या मैत्रिणींत राहू दे तिला. चौघींत बसली की लवकर बरी होईल." आणि तिने ठिपकीला पुन्हा खुराड्यात सोडलं.

दुपारी अंगण एकदम गप्प झालं. कोंबड्यांचं अंगण गप्प होत नाही कधी! लेक बघायला गेली आणि दारातच थिजली. ठिपकी मधोमध बसली होती. बाकीच्या तिच्याभोवती गोल उभ्या होत्या. भांडण नाही, फडफड नाही. एक जण पुढे यायची, मान तिरकी करून एका डोळ्याने जखम बघायची, टोच मारायची आणि शिस्तीत मागे सरायची. मग दुसरी. सगळ्यांच्या चोची ओल्या होत्या आणि डोळे अगदी शांत.

लेकीने ठिपकीला उचललं आणि आत्याला फोन केला. आत्याचा जन्म कोंबड्या पाळण्यात गेलेला. ती आली, तिने जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुतली, जनावरांच्या डॉक्टरकडून आणलेलं जांभळं औषध लावलं आणि मागच्या खोलीत खोक्यात मऊ फडकं घालून ठिपकीला ठेवलं.

"जांभळंच का गं आत्या?"

"औषध तर आहेच, पण मुख्य म्हणजे लाल झाकतं. कोंबडीला लाल दिसलं की राहवत नाही. राग नसतो तिचा. नुसतं राहवत नाही. खिडकीला पडदा लाव."

पडदा लावावाच लागला. त्या खोलीची खिडकी माणसाच्या डोक्याहून उंच. कोंबड्यांना तिथवर उडता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे; त्यांना मात्र कुणी सांगितलं नसावं. रोज दुपारी गजांबाहेर त्या ओळीने बसलेल्या असायच्या, एकेक डोळा काचेला लावून. हाकललं तरी त्यांची सावली पडद्यावर बराच वेळ राहायची.

ठिपकी हळूहळू दाणे टिपू लागली. लेक मात्र बॅग भरू लागली.

"कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"परत. तिकडे."

"वेडी आहेस का? त्या राक्षसाकडे?"

"तिथे एकटाच होता, आई. इथे रोज किती येतात!"

ठिपकीची जखम बघायला आत्या आली होती. आई रडतरडत तिच्याकडे वळली. "ऐकलंत ना वन्सं? मी हिच्यासाठी जीव टाकते, आणि ही बघा!"

"तिचं बरोबर आहे वहिनी. ठिपकीला जिथे सोडलंत, तिथेच हिला सोडलंय तुम्ही."

"म्हणजे शेजारणी काय कोंबड्या आहेत?"

"छे! कोंबडी दिसलेल्या जखमेवर टोचते. माणूस आधी पट्टी सोडून दाखव म्हणतो."

"मग काय, झाकून ठेवायचं? त्याने हात मोडला तरी?"

"झाकायचं नाही, सांगायचं. पण जो काही करू शकतो त्याला! गल्लीभर सांगितलंत वहिनी, एका वकिलाला सांगितलंत का?"

आई रागावली आणि चहा ठेवायला गेली.

त्या संध्याकाळी ढीग नेहमीपेक्षा मोठा होता. लेक परत निघाल्याची कुणकुण लागली होती ना! उन्हं उतरली होती, दिवा लावायचा राहिला होता. लेक ठिपकीचं पाण्याचं भांडं घेऊन बैठकीतून निघाली, तशी शेजारणींतली चौकशीकाकू म्हणाली, "बाई गं, दाखव तरी कुठे कुठे लागलंय."

"प्लास्टर आहे काकू. त्यात काय दिसणार?"

"आणि मानेवर गं? ते लाल?"

लेकीचा हात मानेकडे गेला. सगळी बैठक एकदम गप्प झाली. मग एकीची मान तिरकी झाली. मग दुसरीची. प्रत्येकीचा एकच डोळा लेकीवर, न मिटणारा, गोल, शांत. चपला तर सगळ्या बाहेर होत्या. मग फरशीवर ही नखांची टकटक कसली? चौकशीकाकू एक पाऊल पुढे आली. तिच्यामागे दुसरी. गोल आवळत गेला.

आईने घाबरून कपाटाच्या आरशात पाहिलं. सर्वांत पुढे एक बाई उभी होती. तिची मान सगळ्यांहून तिरकी होती आणि पुढचं सांगायला तोंड उघडलेलं होतं.

अरे देवा! ती आईच होती!

तिने धावत जाऊन दिवा लावला. सगळ्याजणी मानेला हात लावून इकडेतिकडे बघू लागल्या.

"या आता तुम्ही," आई म्हणाली.

"अहो, आम्ही आपुलकीने—"

"आपुलकी असेल तर उद्या येऊन पाणी भरा. पोरीला एका हाताने जमत नाही. पण काय झालं, कसं झालं, हे विचारायचं नाही."

दुसऱ्या संध्याकाळी दारात चपलांचा एकच जोड होता. कुणाचा म्हणता? चौकशीकाकूचा! ओठ घट्ट मिटून तिने हौद भरला. प्रश्न गिळताना तिचा चेहरा जांभळा झाला होता, पण गिळले बाईने.

लेकीने बॅग रिकामी केली. काही दिवसांनी ती आणि आत्या वकिलाकडे जाऊन आल्या. जाताना वडील दुकान बंद करून बरोबर गेले. ठिपकीला पिसं फुटल्यावर आत्याने खुराड्यात मधे जाळी लावून तिला आधी अलीकडे बसवलं, बाकीच्यांना दिसेल पण टोचता येणार नाही अशी. जाळी कधी काढायची ते लेकीने ठरवलं.

मंडळी, कुणी जखमी होऊन घरी आलं तर जरूर जा. पाणी भरा, दवाखान्यात सोबत करा, नुसते शेजारी बसा. पण जखम उघडून बघायची खाज म्हणजे माया नव्हे! ज्याची जखम, सांगायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवावं.

त्या लेकीनेही ठरवलं. एका दुपारी आई कपड्यांच्या घड्या घालत असताना ती आपणहून जवळ येऊन बसली आणि सगळं बोलली, पहिल्यापासून. आईने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

काय बोलली ती? ते आईला माहीत. तिने कुणालाच सांगितलं नाही. म्हणून तर ते या गोष्टीतही नाही.